कुमारांचा एकांतवास

२५ मार्च २०२० पासून सारा देश घरात कोंडला गेला. त्या एकांतवासाची झळ सर्वांनाच लागली. परंतु ती सर्वांना सारखी लागली नाही, हे समाजाने अद्याप पुरते मनावर घेतलेले दिसत नाही. प्रौढांना उपजीविकेचा घोर होता खरा. तथापि त्यांच्यापाशी वर्षानुवर्षांच्या स्नेहाची शिल्लक होती, आणि संकटे येतात तशी जातात, हा अनुभवही होता. पंधरा वर्षांच्या मुलापाशी ही शिदोरी कोठून असणार? उंबरठ्याबाहेर पडून समवयस्कांत स्वतःस शोधण्याचे ते वय. नेमक्या त्याच वयात त्याच्या वाट्यास आईबापांची अष्टौप्रहर नजर आली, आणि हाती असलाच तर मोबाइल. तो मुका झाला तर घरोघरी त्यास हट्टी म्हटले गेले. पडद्यास डोळे लावून बसला तर बिघडलेला.

मुंबईत उपाहारगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडली. आठवी ते बारावीचे वर्ग भरण्यास ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला. साथीचे भय खोटे नव्हते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हा क्रम ठरविताना मुलांच्या एकाकीपणाचा विचार कोणी केला होता काय? पुन्हा तशी वेळ आली, तर सर्वांत शेवटी बंद व्हावी आणि सर्वांत आधी उघडावी ती शाळाच, असा दंडक सरकारने आजच घालून द्यावा, अशी आमची मागणी आहे. पालकांनीही मुलांचे मौन स्वतःच्या वयाच्या मापाने मोजू नये.