चार गाण्यांची तबकडी

सदर : कानसेन



या वेळी रॉक संगीतावर लिहिणार म्हटल्यावर काही ज्येष्ठ सभासद पान उलटतील. जरा थांबा! ज्या वस्तूबद्दल लिहायचे आहे ती आपल्या पिढीनेच आधी हाताळली आहे. ती म्हणजे ईपी. ज्यांच्या घरी एच.एम.व्ही.चा फिएस्टा होता त्यांना आठवत असेल, शेजारी सात इंची तबकड्यांची चवड असायची. मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला दोन गाणी, उलटली की आणखी दोन. सिनेमाची असोत की भावगीते. एलपी घेताना खिशाचा विचार करावा लागे, ईपी पगाराच्या दिवशी सहज घरी येई. ईपी म्हणजे एक्स्टेंडेड प्ले. अमेरिकेच्या आर.सी.ए. कंपनीने १९५२ साली ही युक्ती बाजारात आणली. खाचा जवळजवळ कोरल्या की त्याच सात इंचांत दुप्पट गाणी मावतात, एवढीच ती युक्ती.

तबकड्या गेल्या, कॅसेट गेली, सीडीही जवळजवळ गेलीच. नाव मात्र टिकले. आज कोणी चार ते सहा-सात गाण्यांचा संच काढला की त्याला ईपीच म्हणतात, मग तो फोनवर का ऐकेनात.

आपली मुले ज्याला ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात त्या प्रकाराला तर या आखूड संचाने मोठाच हात दिला. १९८०च्या दशकात अमेरिकेतले हे बँड छोट्या कंपन्यांच्या आणि कॉलेजांच्या रेडिओ केंद्रांच्या आधाराने उभे राहिले. दहा-बारा गाण्यांच्या अल्बमचा खर्च त्यांना कुठून झेपणार? आर.ई.एम. या पुढे जगभर गाजलेल्या बँडने १९८२ साली ‘क्रॉनिक टाउन’ हा पाच गाण्यांचा ईपी काढला, अल्बम नंतर. सिॲटलच्या ॲलिस इन चेन्सने सप्टेंबर १९९३ मध्ये साधारण आठवडाभरात ‘जार ऑफ फ्लाइज’ची सात गाणी ध्वनिमुद्रित केली. जानेवारी १९९४ मध्ये तो ईपी बाहेर आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तोवर कोणत्याही ईपीला ते साधले नव्हते. उदास आहे, पण कर्कश नाही. ज्यांना रॉक म्हणजे नुसता गोंगाट वाटतो त्यांनी एकदा रात्री शांतपणे ऐकून पाहावा.

आता मुंबईकडे येऊ. तिथला झीरो हा बँड : गायक राजीव तलवार, बेसवर बॉबी तलवार, ड्रम्सवर सिड कुटो आणि गिटारवर वॉरन मेंडोन्सा. वॉरन हा शंकर-एहसान-लॉय त्रयीतल्या लॉय मेंडोन्सा यांचा पुतण्या. (‘कट्यार काळजात घुसली’ या २०१५च्या चित्रपटाचे संगीत याच त्रयीचे, म्हणजे नाते अगदीच लांबचे नाही!) झीरोने २००५ साली ‘हुक’ नावाचा ईपी काढला. पुढे वॉरन न्यूझीलंडला राहायला गेला आणि २००७ साली त्याने ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने स्वतःचा अल्बम काढला. गिटारवालाच समुद्रापार गेल्यावर बँडचे काय होणार ते सांगायला नको. तरी त्यानंतरही चौघे मुंबईत पुन्हा एकत्र मंचावर आले आहेत.

इथल्या मातीतला, म्हणजे वाळूतला, दाखला हवा तर नर्व्हसेल. गिटारवादक बार्नी रिबेरो आणि त्याच्या सोबत्यांचा हा दुबईचा बँड. यांचे संगीत अल्टरनेटिव्ह नव्हे, डेथ मेटल. माझ्या कानांना ते पाच मिनिटांपलीकडे सोसत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्यांचा क्रम पाहा : २००४ साली ‘ह्यूमन केऑस’ हा ईपी, आणि पहिला पूर्ण अल्बम ‘प्रीचिंग व्हेनम’ २००८ साली. मध्ये चार वर्षे गेली. परमुलखात चार वर्षे एक बँड एकत्र राहतो, हेच मला संगीतापेक्षा जास्त थोर वाटते.

कारण इथला हिशेब तुम्हाला ठाऊक आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहण्याचा प्रश्न उभा राहायचा, शिकत असला तर एकविसापर्यंत सवलत. ऑक्टोबर २०२२ पासून अविवाहित मुलासाठी ही मर्यादा पंचवीस वर्षांवर गेली, तेवढाच दिलासा. पण बारावी झाली की पोरे पांगतात ती पांगतातच.

हा विषय मला आमच्या इमारतीतल्या एका वहिनींनी दिला. खरे तर भांडणच दिले. त्यांचा मुलगा, एक मल्याळी, एक फिलिपिनो आणि एक जॉर्डनचा, अशा चौघांचा बँड आहे. बोर्डाची परीक्षा संपली आहे. एक पुण्याला, एक कॅनडाला, एक मनिलाला जाणार, एक इथेच राहणार. जायच्या आधी त्यांना पाच गाण्यांचा ईपी करायचा आहे. वहिनींचे म्हणणे, “भावजी, प्रवेशाची धावपळ चाललीय आणि यांना हे खूळ! शिवाय एक ओळ तरी मराठी आहे का त्यात?”

मराठी ओळ नाही, हे खरे. चौघांना समजणारी भाषा इंग्रजीच, ती कशी टाळणार? पण खूळ म्हणायला मी तयार नाही. झीरोच्या मंडळींना पुन्हा भेटायला मुंबई होती. या चौघांचे सामाईक गाव दुबई, आणि दुबई एकाच्याही पासपोर्टवर नाही. दहा वर्षांनी भेटायचे म्हटले तर तिघांना व्हिजिट व्हिसा काढावा लागेल. जे वाजवायचे ते आत्ताच.

खर्चाचेही मी वहिनींना समजावले. स्टुडिओ लागतो तो मुख्यतः ड्रम्ससाठी. त्यांना अनेक माइक लावावे लागतात आणि फ्लॅटमध्ये वाजवले तर वॉचमन वर येतो. म्हणून ड्रम्स आधी, दोन दिवसांत पाचही गाण्यांचे. गिटार, बेस आणि आवाज नंतर घरच्या कॉम्प्युटरवर चढवता येतात, कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्यासमोर गायले तर खोलीचा घुमाराही कमी होतो. स्टुडिओचे भाडे तासावर असते, तेव्हा तालमी आधी पक्क्या हव्यात. आणि गाणे कोणाचे, चाल कोणाची, हे चौघांनी आजच कागदावर लिहून सह्या कराव्यात. मैत्री आहे तोवरच अशी कामे होतात.

वहिनी दोन दिवसांना कबूल झाल्या आहेत. दादांनी स्टुडिओचे अर्धे पैसे द्यायचे मान्य केले, उरलेले अर्धे बाकी तीन घरांतून येतील. जॉर्डनच्या मुलाच्या आईने चौघांच्या जेवणाचे आधीच सांगून टाकले आहे, त्यामुळे वहिनींना आता पहिल्या दिवशी आपला डबा कसा जाणार याचीच काळजी लागली आहे.