लहान कणाचा लहान गारवा

लोखंडाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण प्लॅस्टिकच्या जातीच्या बहुवारिकात विखरून त्यांच्याकडून चुंबकीय शीतलन साधता येईल काय, या प्रश्नाचा शोध अनेक प्रयोगशाळांत घेतला जात आहे. त्यातून उद्याची शीतकपेटी निर्माण होईल, असे सांगण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु तो आवरणे विज्ञानाच्या हिताचे आहे.

चुंबकीय शीतलनाचे तत्त्व अवघड नाही. काही पदार्थांतील अणू म्हणजे चिमुकले चुंबकच होत. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की ते एका दिशेस वळतात आणि पदार्थ किंचित तापतो. ती उष्णता काढून घ्यावी, पदार्थ सभोवतालापासून अलग करावा व मग क्षेत्र दूर करावे. चुंबक पुन्हा विस्कटतात, त्यासाठी लागणारी ऊर्जा पदार्थाच्याच उष्णतेतून घेतात आणि पदार्थ थंड होतो. जिओक व मॅकडूगल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९३३ साली गॅडोलिनियमच्या एका लवणाच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या पाव अंशापर्यंत मजल मारली.

खोलीच्या तापमानाला मात्र लोखंडाच्या ऑक्साइडची बाजू दुबळी पडते. पदार्थाची चुंबकीय सुव्यवस्था ज्या तापमानाला मोडते, त्याच्या आसपास हा परिणाम सर्वांत प्रबळ असतो. गॅडोलिनियम धातूत ते तापमान सुमारे २० अंश सेल्सियस आहे. मॅग्नेटाइट या ऑक्साइडात ते ५७० अंशांहूनही वर आहे. कण काही अब्जांश मीटर एवढा लहान केला म्हणजे तो सबंध कणच एका चुंबकासारखा वागतो व उष्णतेच्या हेलकाव्यांनी त्याची दिशा सतत पालटते. अशा कणांना वळविण्यास क्षेत्र थोडे पुरते, हा लाभ खरा. बहुवारिक त्यांना गोळा होऊ देत नाही, हाही लाभच. परंतु बहुवारिक स्वतः शीतलन करीत नाही, शिवाय उष्णता फार मंद वाहून नेते. क्षेत्र वेगाने उलटसुलट केले तर हेच कण थंड होण्याऐवजी तापतात.

मग हा खटाटोप कशासाठी? प्रचलित शीतकयंत्रांतील काही वायू वातावरणात सुटल्यास कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक उष्णता कोंडतात. त्यांचा वापर घटविण्याचे राष्ट्रांनी २०१६ साली किगाली येथे मान्य केले. पर्याय हवेतच. गॅडोलिनियम महाग आहे; लोखंड विपुल, स्वस्त व ओळखीचे आहे. त्याचे सामर्थ्य कोठवर पोहोचते आणि कोठे संपते, हे मोजून ठेवणे म्हणूनच व्यर्थ नव्हे.

मात्र ते मोजमाप जसे आहे तसेच लोकांपुढे ठेवले पाहिजे. लहान तोंडी मोठा घास घातला, तर पहिल्या निराशेनंतर लोकांचा विश्वास उडतो, आणि मग खऱ्या शोधाकडेही कोणी वळून पाहत नाही. अंशाच्या लहानशा भागाचा गारवाही ज्ञानच आहे. त्याला हिमालयाचा गारवा म्हणू नये, इतकेच.