स्पीकर बदलण्याआधी गाडीचा दरवाजा समजून घ्या

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी चांदणी चौकातून निघालेली गाड्यांची रांग भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकत मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणीत शिरते. मोबाइलची रेंज जाते, एफएम खरखरतो आणि आधी डाउनलोड करून ठेवलेली गाणी सुरू होतात. काचा बंद, बाहेर धो धो पाऊस, आत टायर आणि वायपरचा आवाज. अशा वेळी गाडीसोबत आलेल्या स्पीकरमधून शब्द नीट कळत नाहीत आणि आवाज वाढवला की तो फाटतो. घरी परतेपर्यंत 'स्पीकर बदलायचेच' हे ठरलेले असते.

पुढच्या रविवारी दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात '३०० वॅट' दिसते आणि सौदा होतो. चूक इथेच होते. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा हा निवडीचा सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे. मुळशीसारख्या पावसाच्या भागात गाडी चालवणाऱ्याने आधी दरवाजा, मग माप, मग सेन्सिटिव्हिटी आणि सगळ्यात शेवटी वॅट पाहावेत.

वॅटचा आकडा कुठून येतो?

खोक्यावरचे ३०० वॅट हे 'पीक' म्हणजे क्षणभर सोसण्याची क्षमता असते. सतत किती ताकद झेपते हे 'आरएमएस' या आकड्यावरून कळते आणि तो बहुधा मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो. दुसरी गोष्ट, स्पीकर स्वतः वॅट तयार करत नाही. ते स्टीरिओ किंवा ॲम्प्लिफायरकडून येतात.

स्टीरिओवर '५० वॅट गुणिले ४' असे लिहिलेले असते. त्याचे गणित सोपे आहे. इंजिन सुरू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग करून ४ ओहमने भागले की जवळपास ५२ येतात. पण इतकी ताकद आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतच निघते. स्वच्छ आवाजासाठी प्रत्यक्षात एका चॅनलला साधारण १५ ते २० वॅटच मिळतात. म्हणून वेगळा ॲम्प्लिफायर बसवायचा नसेल, तर १०० वॅट आरएमएसचा स्पीकर घेऊन आवाज आपोआप वाढत नाही.

मग पाहायचे काय?

सेन्सिटिव्हिटी. ठरावीक ताकद दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, याचा हा आकडा. त्यात ३ डेसिबलची वाढ म्हणजे निम्म्या ताकदीत तेवढाच आवाज. ९२ डेसिबलचा स्पीकर १५ वॅटवर जितका वाजतो, तितके वाजायला ८९ डेसिबलच्या स्पीकरला ३० वॅट आणि ८६ डेसिबलच्या स्पीकरला ६० वॅट लागतात. कंपनीच्या स्टीरिओवर चालवायचे असेल तर ९० च्या वरचा स्पीकर शहाणपणाचा.

तुलना करताना एक खोच लक्षात ठेवावी. काही कंपन्या हा आकडा १ वॅटवर देतात, तर काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात. त्यामुळे तोच स्पीकर कागदावर ३ डेसिबलने चांगला दिसतो.

ओहमही जुळले पाहिजेत. बहुतेक गाड्यांत ४ ओहमचे स्पीकर असतात. एकाच तारेवर असे दोन स्पीकर समांतर जोडले तर भार २ ओहमवर येतो आणि तो पेलण्यासाठी न बनवलेला स्टीरिओ तापतो.

कोॲक्सियल की कंपोनंट?

कोॲक्सियलमध्ये ट्वीटर मोठ्या स्पीकरच्या मध्येच बसवलेला असतो. जुना काढा, नवा लावा, काम संपले. कंपोनंट सेटमध्ये ट्वीटर वेगळा असतो. तो डॅशबोर्डवर किंवा आरशामागच्या तिकोन्यात बसतो. दरवाजातला स्पीकर गुडघ्यापाशी असल्याने बारीक सूर पायातच राहतात. ट्वीटर वर आला की गायकाचा आवाज समोरून येतो. ट्वीटरसाठी गाडीत आधीच जागा असेल तर पुढच्या दोन दरवाजांना कंपोनंट घ्यावेत आणि मागचे स्पीकर आहेत तसेच राहू द्यावेत. चारही दरवाजांत स्वस्त जोड्या बसवण्यापेक्षा पुढे एक चांगली जोडी केव्हाही बरी.

हॅचबॅकच्या मागच्या ट्रेवर ६ बाय ९ चे लंबगोल स्पीकर लावण्याची हौस मोठी आहे. पण तो ट्रे पातळ असतो आणि नुसता अडकवलेला असतो. घाटात करकचून ब्रेक लागला, तर जड चुंबकासह तो पुढे बसलेल्यांच्या डोक्याकडे येऊ शकतो. ही हौस टाळावी.

पावसाचे पाणी दरवाजात जातेच

काचेच्या फटीतून दरवाजाच्या आत पाणी उतरते. गाडीची रचनाच तशी असते आणि ते पाणी तळाच्या छिद्रांतून बाहेर पडते. दरवाजाच्या आतल्या पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर बसवताना घाईत हा पडदा फाडला जातो. उन्हाळ्यात काहीच कळत नाही. जुलैत ताम्हिणीची एक फेरी झाली की पायाखालचे कार्पेट ओले होते आणि कुबट वास येऊ लागतो. आवाज घुमू नये म्हणून लावलेल्या डॅम्पिंग शीटने तळाची छिद्रे बुजली, तर पाणी आत साचून पत्रा गंजतो.

म्हणून सुळकादेखील कागदाचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा बरा. स्पीकरखालची रिंग एमडीएफची असेल तर दमट हवेत फुगते. प्लास्टिकची रिंग मागावी. खोलीही मोजावी आणि तीसुद्धा काच पूर्ण खाली घेऊन, नाहीतर काच चुंबकाला घासते.

डॅम्पिंग मात्र टाळू नये. पत्र्याची थरथर थांबली आणि स्पीकरभोवतीच्या फटी बंद झाल्या की बास लगेच सुधारतो. अनेकदा 'स्पीकरच खराब आहे' हे निदान चुकीचे असते आणि वाजत असतो तो दरवाजा.

तार कापू देऊ नका

मूळ वायरिंग कापले की वॉरंटीचा वाद होऊ शकतो आणि गाडी विकताना जुने स्पीकर परत लावणेही अवघड जाते. बहुतेक लोकप्रिय गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. ते नसतील तर थांबावे. पिवळ्या कनेक्टरना, म्हणजे एअरबॅगच्या तारांना, हात लावू देऊ नये. काही गाड्यांत बाजूच्या धडकेचा सेन्सर दरवाजातच असतो. तिथे डॅम्पिंग करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारावे. ॲम्प्लिफायर बसवलाच, तर त्याच्या मुख्य तारेला बॅटरीजवळच फ्यूज हवा. तो नसेल तर घासलेली तार आग लावू शकते.

आवाज कोणासाठी?

चांगला स्पीकर कमी आवाजातही स्पष्ट ऐकू येतो. बदलाचा खरा फायदा तोच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित असतो, तर ९० डेसिबलचा फक्त ४ तास. घाटाच्या वळणावर समोरच्या एसटीचा हॉर्न ऐकू आला नाही, तर त्याची किंमत यापेक्षा लगेच मोजावी लागते. धरणाच्या कडेला डिकी उघडून गाणी लावणाऱ्यांनी २००० चे ध्वनिप्रदूषण नियमही लक्षात ठेवावेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आपण सहलीला जातो त्या गावात कोणाची तरी शाळकरी मुले झोपलेली असतात.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. रोजचे एक गाणे लावून आवाजाचा बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे आणि मग मध्यावर न्यावा. मध्यावर आल्यावर बास अचानक पातळ झाला, तर एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या आहेत. मग दुकानातल्या पाइपने दरवाजावर पाच मिनिटे पाणी मारून तळाच्या छिद्रांतून ते बाहेर येते का, आणि आतले कार्पेट कोरडे राहते का, हे पाहावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल. पावसाळ्यात ओल्या कार्पेटवर पाय ठेवायची वेळ त्याच्यावर येणार नसते.