बॅकअपला नुसत्या व्हीपीएनचे कुलूप पुरत नाही

पीथमपूरच्या कारखान्यातला सर्व्हर इंदुरातल्या घरून सांभाळणे ही आता रोजची गोष्ट झाली आहे. सांवेर रोडवरचे उद्योग, सीएंची कार्यालये, सहकारी साख संस्था, खासगी रुग्णालये यांचीही हीच रीत होत चालली आहे. पूर्णवेळ तज्ज्ञ परवडत नाही, म्हणून काम बाहेरच्या माणसाकडे दिले जाते आणि तो व्हीपीएन लावून आत येतो. आत आल्यावर ज्या यंत्रांना त्याचा हात लागतो, त्यांत बॅकअपचे व्हर्च्युअल अप्लायन्सही असते. चूक होते ती इथे. बॅकअपपर्यंतची वाट इतर सर्व्हरांइतकीच मोकळी ठेवली, तर तो असून नसल्यासारखा होतो.

व्हर्च्युअल अप्लायन्स हे वेगळे यंत्र नसते. व्हीएमवेअर किंवा हायपर-व्ही चालणाऱ्या मोठ्या सर्व्हरच्या पोटात ते उभे केले जाते. ऑपरेटिंग सिस्टिम आणि बॅकअपचे सॉफ्टवेअर त्यात आधीच भरलेले असते. डिस्कची जागा आणि नेटवर्कचा पत्ता दिला की ते कामाला लागते, रात्री बाकीच्या यंत्रांच्या प्रती काढते, आणि त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधून पाहता येतो. नवे हार्डवेअर घ्यावे लागत नसल्याने छोट्या संस्थांना ते सोयीचे पडते. कायद्यानेही आता बॅकअप टाळता येत नाही. कंपन्यांच्या लेखा नियमांतल्या ५ ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनंतर, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. पूर्वी तो ठरावीक काळाने ठेवला तरी चालत असे. प्रत कुठे आणि किती वेळा, हे त्यामुळे ठरून गेले. त्या प्रतीपर्यंत कोणी पोहोचावे, हे ज्या त्या संस्थेने ठरवायचे आहे, आणि ते बहुधा ठरवलेच जात नाही.

‘व्हीपीएन जोडला, पण अप्लायन्सचे पान उघडत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते. तिची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. घरचा राउटर आणि कार्यालयाचे नेटवर्क, दोन्हीकडचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात. लॅपटॉप तो पत्ता घरातल्या घरातच शोधत बसतो आणि मागणी व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. दुसरे कारण परतीच्या वाटेचे. व्हीपीएनवरून येणाऱ्याला वेगळ्या मालिकेतला पत्ता मिळतो. अप्लायन्समध्ये गेटवे भरलेला नसेल, किंवा तो भलत्याच नेटवर्क कार्डाचा असेल, तर मागणी पोहोचूनही उत्तर परत येत नाही. पहिल्यावर उपाय म्हणजे कार्यालयाची पत्त्यांची मालिका बदलणे, हे एखाद्या रविवारचे काम. दुसऱ्यावर उपाय म्हणजे अप्लायन्समध्ये एक रूट भरणे, हे पाच मिनिटांचे. पण तेवढी सवड काढली जात नाही. कारण शोधण्याच्या नादात फायरवॉलचे एकेक नियम सैल केले जातात. त्याने काही साधत नाही, आणि सैल केलेले पुन्हा कुणी आवळतही नाही. काही ठिकाणी तर अप्लायन्सचे पान सरळ इंटरनेटवर उघडे करून तक्रार मिटवली जाते.

अशा ढिलाईचा फायदा कसा घेतला जातो, हे सोफोस या सुरक्षा कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये उघड केलेल्या हल्ल्यांतून दिसते. अकिरा आणि फॉग ही रॅन्समवेअर वापरणारे हल्लेखोर व्हीपीएनमधूनच शिरले होते. तिथे ओटीपीसारखी दुसरी पडताळणी लावलेलीच नव्हती. आत आल्यावर त्यांनी वीम या प्रचलित बॅकअप सॉफ्टवेअरमधली एक त्रुटी गाठली, तिची तीव्रता दहापैकी ९.८ ठरवण्यात आली होती, आणि ‘पॉइंट’ नावाचे स्वतःचे ॲडमिन खाते उघडले. त्या त्रुटीवरचे अपडेट आधीच निघालेले होते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल ही इंधनाची पाइपलाइन अशाच हल्ल्यामुळे बंद पडली, त्यामागेही वापरात नसलेले एक व्हीपीएन खाते होते आणि त्याला केवळ पासवर्ड होता. खंडणी म्हणून ७५ बिटकॉइन मोजावे लागले.

व्हर्च्युअल अप्लायन्सच्या बाबतीत त्यात आणखी एका धोक्याची भर पडते. ज्या सर्व्हरवर टॅली चालते, त्याच सर्व्हरच्या पोटात तिचा बॅकअप असतो. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवावी, तसे हे आहे. हल्लेखोराने मूळ सर्व्हरचा ताबा घेतला की हिशेब आणि त्यांची प्रत एकाच फटक्यात कुलूपबंद होतात.

दुरून प्रवेश बंद करणे हा यावरचा उपाय नाही. रात्री दोनला बॅकअप अडकला तर पीथमपूरला धावत जाणे कुणाला शक्य नसते. व्हीपीएनवरून येणाऱ्याला मात्र एकाच मधल्या संगणकापर्यंत जाता यावे, आणि त्या संगणकावरूनच अप्लायन्सचे पान उघडावे. अप्लायन्सचे लॉगिन कार्यालयाच्या डोमेनपासून वेगळे असावे आणि त्याला दुसरी पडताळणी असावी. देखभाल करणाऱ्या कंपनीतले चौघे मिळून एकच ‘ॲडमिन’ वापरतात, ते थांबवून प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. काम नसेल तेव्हा ते बंद ठेवावे. आणि एक प्रत अशी असावी की कुठल्याही व्हीपीएनवरून तिला हात लागू नये. खर्चाची सबब इथे टिकत नाही. एक जुना संगणक आणि आळीपाळीने जोडून काढून ठेवायच्या दोन हार्ड डिस्क एवढ्यावर लहान कार्यालयाचे भागते. शिवाय मोठा रिस्टोअर व्हीपीएनवरून ओढायचा नसतोच. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर एक टेराबाइट उतरवायला, वेग पूर्ण मिळाला तरी, २२ तास लागतात. दुरून फक्त हुकूम द्यावा, माहिती जागच्या जागी हलावी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि नेटवर्कचे नीट विभाग केलेले नसल्याने हे घडले, असे सरकारने संसदेत सांगितले. दोन आठवडे रुग्णालयाचे काम कागदावर ओढावे लागले. तरीही ई-हॉस्पिटल या प्रणालीतली माहिती परत मिळाली, कारण एका बॅकअप सर्व्हरला झळ लागली नव्हती. तो सर्व्हरही हल्लेखोरांच्या हाती पडला असता, तर रुग्णांच्या नोंदी कुठून आणायच्या हा प्रश्न उरला असता.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला सहा तासांत कळवावा लागतो आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. व्हीपीएनवरून कोण, कधी, कुठल्या यंत्रावर गेले याचे लॉग त्याच सर्व्हरवर असतील, तर तेही हल्ल्यात जातात. म्हणून इंदुरातल्या लेखापरीक्षकांनी ‘बॅकअप आहे का?’ एवढे विचारून खूण करू नये. व्हीपीएनवरून बॅकअपपर्यंत कोणकोण पोहोचू शकते याची यादी मागावी, लॉग दुसरीकडे साठतात का ते पाहावे, आणि वेगळ्या ठेवलेल्या प्रतीतून एक फाइल आपल्यासमोर रिस्टोअर करायला लावावी. साख संस्थांच्या वार्षिक सभेत सभासदांनीही संचालकांकडे हीच मागणी करावी. ठेवी त्यांच्या आहेत.

— एक वाचक, इंदूर