ओट्सवाचून कुणाचं अडलंय?

‘ग्रॅनोला करायचा आहे, चांगले ओट्स घाऊक भावात कुठं मिळतील?’ बचतगटांच्या आणि घरगुती उद्योग करणाऱ्यांच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली हमखास येतो. पाचोडमध्ये तो ऐकला तेव्हा मात्र हसू आवरलं नाही. पैठण तालुक्यातलं हे धुळे–सोलापूर महामार्गावरचं गाव, मोसंबीच्या बाजारासाठी नावाजलेलं. भोवताली बाजरी, ज्वारी, तूर. आणि चौकशी कशाची, तर बहुतेक करून ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या धान्याची!

ग्रॅनोला म्हणजे ओट्स, हे समीकरण मुळात जुनं नाही. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल इथं डॉ. जेम्स केलब जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामात जो ‘ग्रॅन्युला’ बनवला, तो कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा होता. पीठ भिजवून भाजायचं, मोडायचं, पुन्हा भाजायचं. तो इतका कडक व्हायचा की आदल्या रात्री भिजत घातल्याशिवाय चावला जात नसे. पुढं डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच पदार्थाला तेच नाव दिलं आणि वाद झाल्यावर एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. ओट्स, मध आणि सुकामेव्याचा आजचा ग्रॅनोला रूढ झाला तो १९६०च्या दशकानंतर. धान्य भाजायचं आणि गोडानं बांधायचं, एवढाच त्याचा गाभा. चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू वळणाऱ्या हातांना यात नवीन काय आहे?

तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. ओट्स बाजारात येण्याआधीच वाफवून, सुकवून स्थिर केलेले असतात. आपली बाजरी तशी नसते. तिच्यात सुमारे पाच टक्के स्निग्धांश असतो. दळली, चेपली की तिच्यातलं लायपेज हे विकर कामाला लागतं आणि आठ-दहा दिवसांत पीठ कडवट होतं. हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण पुडा बाजारात पाठवताना आपण ते सोयीस्कर विसरतो. म्हणून बाजरीचे पोहे घेतले तरी ते आधी कोरडे, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजलेच पाहिजेत.

बाजरी निवडतानाही चौकशी करा. छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पातून २०१७ मध्ये आलेल्या एएचबी १२०० या संकरित वाणात किलोमागे सुमारे ७३ मिलिग्रॅम लोह आहे. ज्वारीत २०१८चा ‘परभणी शक्ती’ हा लोह-जस्त जास्त असलेला वाण आहे. किशोरवयीन मुलींच्या आरोग्यावर काम करणारी संस्था ज्या गावात वर्षानुवर्षं उभी आहे, त्या पाचोडला लोहाचं महत्त्व आम्ही वेगळं सांगायला नको.

आमच्या ओट्यावर जमलेलं प्रमाण असं: ज्वारीच्या लाह्या २०० ग्रॅम, भाजलेले बाजरीचे पोहे १००, शेंगदाण्याच्या पाकळ्या १००, तीळ ४०, भाजलेले अख्खे जवस ३०; बांधायला १५० ग्रॅम गूळ आणि ५० मिलिलिटर तेल; चवीला सुंठ आणि चिमूटभर मीठ. लाह्यांची पद्धत नागपंचमीचीच. ज्वारी पाच मिनिटं गरम पाण्यात, मग निथळून रात्रभर फडक्यात, सकाळी तापलेल्या लोखंडी कढईत थोडी थोडी. न फुटलेले गणंग चाळून काढा, नाहीतर गिऱ्हाइकाचा दात जाईल. गुळाचा पाक पाण्यात थेंब टाकल्यावर मऊ गोळी होईल इतपतच घ्या. पाक पातळ राहिला तर लाही पाणी पिते आणि मग कितीही भाजा, वातडच. सगळं हलक्या हातानं कालवून १३०–१४० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदाच परतायचं. ट्रे बाहेर काढला की हात आवरा. गरम असताना ग्रॅनोला मऊ लागतो, म्हणून लोक आणखी भाजतात आणि करपवतात. तो कडक होतो निवताना, आणि ढेकळंही तेव्हाच धरतात.

तेलाबाबत आमचं मत अनेकांना रुचणार नाही. मराठवाड्याचं म्हणून करडईचं तेल वापरावं, असा मोह होतो, आम्हीही वापरलं. चव उत्तम. पण त्यातलं बहुअसंतृप्त मेदाम्ल हवेशी लवकर जुळतं. तिसऱ्या आठवड्यात पुडा फोडला तर जुन्या डब्याच्या झाकणाला येतो तसा खवट वास. तेव्हापासून शेंगदाण्याचं तेल.

मोसंबीचं म्हणाल तर रस फ्रीजमध्ये ठेवा, ग्रॅनोलात साल घाला. रसवंतीवर फेकली जाणारी साल मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी दोन-तीनदा टाकून दिलं की कडवटपणा उतरतो. मग रोज थोडा घट्ट होत जाणाऱ्या पाकात चार-पाच दिवस मुरवून, सुकवून, बारीक चिरून घ्यायची. ती ट्रे निवल्यावरच मिसळा. ओव्हनमध्ये गेली तर खडा होते. साल ओळखीच्या बागायतदाराच्या फळांचीच घ्या आणि शेवटची फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. ‘पाचोडचा ग्रॅनोला’ म्हणवायला आणखी कशाची गरज नाही.

आता पुड्यावर काय छापता ते. गूळ घालून ‘शुगर फ्री’ लिहिणं ही सरळ दिशाभूल आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात व दावेविषयक नियमांनुसार ‘साखर-विरहित’ म्हणायला १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही, आणि मध घालूनही ‘वरून साखर घातलेली नाही’ असं म्हणता येत नाही. ‘गुळातला’ लिहा, तेवढ्यानं माल खपतो. शेंगदाणे आणि तीळ आहेत हेही ठळक छापा.

अनुदान आहे म्हणून आधी मोठा ओव्हन आणि मग पाककृती, ही घाई टाळा. पहिले दहा घाणे घरच्या ओव्हनमध्ये काढा. प्रत्येक घाण्यातला एक पुडा बाजूला ठेवा, आठवड्यानं एकदा उघडा, हुंगा, दाताखाली धरा आणि वहीत तारीख टाका. ज्या तारखेला कुरकुरीतपणा गेला, तिच्या बऱ्याच आधीची तारीख ‘वापरण्यास योग्य’ म्हणून छापा. ही वही पावसाळ्यातच सुरू करा. उन्हाळ्यात कुणाचाही ग्रॅनोला टिकतो. दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे पाठवा. फसलेल्या घाण्यांची पानंही फाडू नका.