गायीची दगडी कळते, बाळंतिणीचा ताप का कळत नाही?



कास गरम लागली, सड कडक झाला, धारेत गुठळी आली की गायीला दगडी झाली, हे सांगायला आपल्याला डॉक्टर लागत नाही. दिवस मावळायच्या आत माणूस जनावरांच्या दवाखान्यात धावतो. एक सड गेला तर दुधाचा हिशेब कायमचा बिघडतो, हे आपण जाणतो. त्याच घरातली बाळंतीण थंडीतापाने कुडकुडते, छाती दगडासारखी होते, तेव्हा मात्र 'दूध तटलंय, होईल बरं' म्हणत चार दिवस जातात. मधल्या वेळात दृष्ट काढून होते.

शेतकीच्या पदवीला मला गायीचा कासदाह शिकवला, बाईच्या स्तनदाहावर एक ओळ नव्हती. तो समजला गावोगावच्या बैठकींनंतर मागे थांबून बोलणाऱ्या बायकांकडून. बायका अडाणी, त्यांना काही कळत नाही, हे म्हणणे खोटे आहे. पाजायची वेळ चुकली की गाठ येते, मूल नीट धरत नसले की बोंडाला चिरा पडतात आणि त्यातून दुखणे आत शिरते, हे त्या नेमके सांगतात. वैद्यकशास्त्रही तेच सांगते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा त्रास जास्त होतो.

चुकते ते तीन ठिकाणी.

पहिली चूक, पाजणे बंद करणे. दगडीचे दूध आपण फेकतो, तोच नियम बाईला लावतो. तो तिला लागू नाही. सुजलेल्या बाजूचे दूध निरोगी बाळाला बाधत नाही. उलट पाजणे एकदम तोडले तर दूध साचते आणि गळू होण्याचा धोका वाढतो.

दुसरी चूक, गरम शेक देऊन रगडणे. आत सूज असते, रगडल्याने ती वाढते. डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात २०२२ साली हे स्पष्ट केले गेले. थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, डॉक्टरांना विचारून ताप-दुखण्याची गोळी घ्यावी, बाळाला नेहमीसारखे पाजावे. रिकामे करायचे म्हणून पिळत बसू नये.

तिसरी चूक, उशीर. एका दिवसात उतार पडला नाही तर दवाखाना गाठलाच पाहिजे. या दुखण्यावर डॉक्टर देतात ती बहुतेक औषधे घेत असताना अंगावर पाजता येते. गळू झाले तर पू काढावा लागतो. तिथपर्यंत का जाऊ द्यायचे?

पण समज हा अर्धाच प्रश्न आहे. निंदणीला सकाळी गेलेली बाई उन्हे कलल्यावर घरी येते. ऊसतोडीची बाई पहाटेच फडात शिरते, मूल कोपीवर थोरल्या बहिणीच्या कडेवर. तिला 'बाळ मागेल तेव्हा पाजा' असे सांगणे म्हणजे चेष्टाच. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायची सुटी दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची केली. हा कायदा कारखाने आणि कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून झाला. दुसऱ्याच्या रानात रोजाने जाणाऱ्या बाईला त्यातले काही मिळाले नाही. आणि घरच्या रानात राबणाऱ्या सुनेला तर रोजही नाही, रजाही नाही.

इथे सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. त्या बाईला रोजाने बोलावणारे आपणच आहोत. मालाला भाव नाही, मजुरी परवडत नाही, हे खरे आहे. पण पाजायला दिलेल्या पाव तासाने कोणाचे शेत बुडाले नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे तीन गोष्टी मांडतो. अंगावर पिणारे मूल असलेल्या बाईला रोज न कापता पाजायची सुटी द्यावी. बांधावर सावली, झोळी आणि पिण्याचे पाणी असावे. आणि गावच्या बैठकीत आशाताईंना बोलावून ही माहिती बापये आणि सासवा समोर असताना सांगावी, कारण दवाखान्यात न्यायचे की नाही हे घरात तेच ठरवतात.

गायीसाठी आपण ज्या घाईने उठतो, तेवढीच घाई इथे करायची आहे.