आधी मोरी, मग हॉल

गोष्ट चार वर्षांपूर्वीची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे तीस-पस्तीस बायका आल्या होत्या. हॉलला नुकतंच पीओपीचं छत केलं होतं, त्यात निळे-पिवळे दिवे लावले होते. चाळीस हजार रुपये मोजले होते त्याचे! येणारी प्रत्येकजण मान वर करून बघायची, ‘काय छान झालंय हो’ म्हणायची आणि मी मनातल्या मनात फुलून यायची. इतक्यात एकीने विचारलं, "वहिनी, हात चिकट झालेत तिळगुळाने. मोरी कुठेय?"

मी पटकन पुढे झाले. "अहो, आत कशाला जाता? अंगणातल्या नळावरच धुवा ना!"

खरं सांगू का मैत्रिणींनो, मला आमची मोरी दाखवायची लाज वाटत होती. चार बाय सहाची ती खोली. खाली शहाबादी फरशी, तिच्या सांध्यांत हिरवं शेवाळ. भिंतींना खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग. पंधरा वॅटचा मिणमिणता दिवा. पत्र्याचं दार खालून कुजलेलं, त्यामुळे आत कोणी असलं की पाय दिसायचे. ज्या घराच्या छतात रंगीत दिवे, त्या घराच्या मोरीत अंधार.

मी एकदा घरात विषय काढलाही होता. ‘हे’ म्हणाले, "आधी हॉल होऊ दे, मुलीसाठी पाहुणे यायला लागतील." सासूबाई तर हसल्याच. आमच्या सासूबाई पक्क्या अहिराणी. म्हणाल्या, "मोरीले कोन देखस व माय?"

मोरीला कोण बघतं! मलाही ते पटलं. गप्प बसले.

त्याच वर्षी श्रावणात, सोमवारी पहाटे, सासूबाई अंघोळीला गेल्या आणि धाडकन आवाज आला. मी धावले तर दार उघडेना. आमचं दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि त्या नेमक्या दाराला टेकून पडलेल्या. आतून त्यांचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मी बाहेरून दार लोटतही होते आणि लोटायला घाबरतही होते. शेवटी ‘ह्यांनी’ पत्रा कापून आत हात घातला. खुब्याचं हाड मोडलं होतं. धुळ्याला शस्त्रक्रिया झाली, औषधपाणी धरून दीड लाखाच्या वर खर्च आला. तीन महिने त्या अंथरुणावर होत्या. जी बाई सत्तराव्या वर्षीही पाटाभर पापड लाटायची, ती दुसऱ्याच्या हाताने पाणी प्यायला लागली.

कोणी मला बोललं नाही. पण छताकडे बघितलं की मला ते चाळीस हजार टोचायचे. शेवाळ मला रोज दिसत होतं. रविवारी फावडं घेऊन घासायचेही मी. तरी पैसे आले तेव्हा ते छताला गेले.

तेव्हापासून माझं एक मत झालंय आणि मी ते बचत गटाच्या प्रत्येक बैठकीत मांडते. घराला हात लावायचा असेल, पैसे थोडे असतील, तर सुरुवात मोरीपासून करा. हॉल पाहुण्यांसाठी असतो, तेही वर्षातून चार वेळा. मोरी घरातल्या प्रत्येक माणसाला रोज लागते. आणि आपल्या छोट्या गावांतल्या बायकांना घरात कडी लावून दहा मिनिटं एकटं बसता येईल अशी ती एकच जागा असते.

सासूबाई उठून बसायला लागल्या आणि त्याच सुमारास माझी भिशी लागली. बाराजणींचे हजार-हजार, म्हणजे बारा हजार. यंदा काही सोन्याचं करावं असं मनात होतं, पण ते पैसे मी सरळ मोरीत घातले. हिशेब वहीत लिहून ठेवलाय, तोच सांगते. दर त्या वेळचे, आणि गावागणिक कमी-जास्त होणारे.

फरशीच्या टाइल्स, सिमेंट-रेती आणि मिस्त्री-मजूर दोन दिवस, मिळून ४,५६० रुपये. फायबरचं दार, कडी-बिजागऱ्यांसह १,८८०. हवा बाहेर फेकणारा लहान पंखा १,२००. भिंतीला धरायच्या दोन स्टीलच्या दांड्या ९००. रंग ६००. आरसा आणि कपडे अडकवायच्या खुंट्या ५००. बसून अंघोळ करायला मजबूत स्टूल ४५०. कोपऱ्यात कडप्प्याची फळी ४००. एलईडी दिवा १२०. एकूण १०,६१० रुपये. उरलेल्या पैशांतून सासूबाईंना रबरी तळव्याच्या चपला घेतल्या.

आता या कामात मी जे शिकले ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे आणि पाठ दोन्ही वाचतील.

टाइल्स घेताना दुकानदार आधी चकचकीत दाखवतो. बळी पडू नका. मोरीत खाली खरखरीत, मॅट टाइल्सच हव्यात. चकचकीत हव्या तर भिंतीला लावा. आपल्याकडे बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. मोठ्या घरांचं काम झालं की दुकानात एखाद-दुसरी पेटी उरते, ती स्वस्तात मिळते. चोवीस चौरस फुटांना असा उरलेला माल पुरतो. दोन रंग जुळत नसतील तर आलटून-पालटून लावा, बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं.

मिस्त्रीवर लक्ष ठेवायचं ते उताराला. फुटाला पाव इंच उतार जाळीकडे हवाच. टाइल्स पक्क्या बसायच्या आधी तांब्याभर पाणी ओतून बघा. पाणी कोपऱ्यात थांबलं तर तिथेच उद्या शेवाळ येणार. जाळीखालचं जे वाकडं नळकांडं असतं, त्याला देशभरातले प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्याच न्हाणीचं नाव हो ते! त्याच्या वाकणात पाणी साचून राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. उन्हाळ्यात माहेरी जाऊन आलं की मोरीला वास येतो ना, तो ते पाणी सुकल्यामुळे. दोन तांबे पाणी ओतलं की काम झालं.

दार बाहेर उघडणारं करा. ही गोष्ट मला दीड लाखाला शिकायला मिळाली. घरात म्हातारं माणूस असेल तर बाहेरूनही उघडता येईल अशी कडी बसवा. धरायची दांडी जमिनीपासून पावणेतीन ते तीन फुटांवर, आणि भिंतीत भोक पाडून स्क्रूने पक्की बसवलेली हवी. बाजारात रबराने चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, त्यांच्यावर भार टाकू नका. त्या सुटतात.

आपल्या भागात पाणी खारं. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर टाइल्सवर आणि नळांवर चढतात. त्याला दुकानातलं लिंबूसत्व चांगलं. चमचाभर कोमट पाण्यात घालून लावायचं, अर्ध्या तासाने घासायचं. मात्र शहाबादी आणि कडप्प्यावर ते टाकू नका, आंबट पदार्थाने तो दगड खातो. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. संडास-मोरी धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत जीव गुदमरतो.

गरम पाण्याचंही तसंच. पूर्वी आमच्याकडे सोनगीरचा तांब्याचा बंब होता, तो अंगणात पेटायचा. धूर डोळ्यांत जायचा, पण दिसायचा तरी. आता गॅसचे गिझर आलेत आणि हौसेने मोरीच्या आत बसवले जातात. बंद खोलीत ते चाललं की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग. आतलं माणूस हाक न मारताच बेशुद्ध पडतं. दर हिवाळ्यात अशा बातम्या आपण वाचतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत बसवा आणि पाणी नळाने आत आणा. पाणी तापवायची विजेची कांडी वापरत असाल तर बटण बंद करून, पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नका.

नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आपल्या मोऱ्यांत टिपाडं भरलेली असतात. त्यांना घट्ट झाकण हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होऊन उडतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस टिपाड रिकामं करून, आतून घासून, कोरडं करायचं.

इथवर माझ्या घराचं झालं. पण गटाच्या कामासाठी मी आजूबाजूच्या खेड्यांत फिरते, तिथे मला आणखी काही दिसतं.

तिथे कितीतरी घरांत मोरी म्हणजे परसातले चार बांबू आणि त्यांना गुंडाळलेली जुनी साडी. वर छप्पर नाही. २०११च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी फक्त ४२ घरांत छप्पर असलेलं न्हाणीघर होतं. खेड्यांत तर शंभरात पंचविसाच्या आसपास. एका घरी मी तिथल्या मुलीला विचारलं, "अंघोळ कधी करतेस गं?" म्हणाली, "उजाडायच्या आत, नाहीतर सगळे गडी शेतात गेल्यावर." म्हणजे सकाळी सात ते दहा तिला अंगावर पाणी घेता येत नाही. आणि अंघोळ कशी, तर अंगावरच्या कपड्यांसकट. पाळीच्या दिवसांत तिने काय करायचं? कापड धुवायचं कुठे, वाळवायचं कुठे? अंधारात धुतलेलं आणि सावलीत ओलसर राहिलेलं कापड पुन्हा वापरलं तर खाज, जखमा, दुखणी ठरलेली.

आपल्या राज्यात २००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढे २०१४ साली स्वच्छ भारत अभियान आलं, शौचालयाला बारा हजार रुपये मिळू लागले. चांगलंच झालं. पहाटे डबा घेऊन जाणं थांबलं, हे बाईसाठी लहान नाही. पण त्यात अंघोळीच्या जागेचा हिशेब नव्हता. त्यामुळे कुठे बायका शौचालयातच उभ्या राहून अंघोळ करतात, तर कुठे पुन्हा त्याच साडीच्या आडोशाला जातात. ओडिशातल्या ‘ग्राम विकास’ या संस्थेने १९९२ पासून वेगळा हट्ट धरला. प्रत्येक घराला शौचालय, त्याला लागूनच न्हाणीघर आणि दोन्हींत नळ. गावातलं एकही घर वगळायचं नाही. त्यासाठी गावाने आपला निधी उभा करायचा, घरटी सरासरी हजार रुपयांचा. ओडिशातल्या गरीब खेड्यांना जमलं ते आपल्या गटांना का जमू नये?

आमच्या गटात मी हे बोलले तेव्हा एकजण म्हणाली, "ताई, कर्ज शेळीला घेतात, शिलाई मशीनला घेतात. मोरीला कोणी घेतं का? मोरी काय दूध देते?" सगळ्या हसल्या, मीही हसले. प्रश्न चुकीचा नव्हता. घेतलेलं कर्ज फेडायचं कशातून, हे तिला बघावंच लागतं. मी फक्त माझ्या सासूबाईंच्या शस्त्रक्रियेचं बिल सांगितलं. मग हसू थांबलं. त्या वर्षी आमच्या गटातून तीन मोऱ्या झाल्या. एकीने तर फक्त पत्र्याचं दार आणि आतून कडी एवढंच केलं. ती म्हणाली, "ताई, लग्नाला अठरा वर्षं झाली. पहिल्यांदाच डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले." आडोशाला अंघोळ करणारी बाई डोळे मिटत नाही, हे मला तोवर सुचलंही नव्हतं.

पुरुषमंडळींनाही माझं सांगणं आहे. अहो, तुम्ही नदीवर, विहिरीवर, अंगणातल्या नळाखाली कुठेही अंघोळ करू शकता. म्हणून मोरीची नड तुम्हाला कळत नाही. घराचा नकाशा काढताना एकदा घरातल्या बायकांना विचारा. मोरी जिन्याखाली उरलेल्या जागेत कोंबू नका. तिला वर खिडकी ठेवा, बाहेरून दिसणार नाही पण उजेड येईल अशी.

सासूबाई आता काठी घेऊन चालतात. दांडीला धरून, स्टुलावर बसून, स्वतःची अंघोळ स्वतः करतात. कोणाला आत येऊ देत नाहीत. हल्ली घरी कोणी बाई आली की मी चहा टाकते तोवर त्या काठी टेकत उठतात आणि म्हणतात, "आधी मनी मोरी देखा!"

हॉलच्या छतातले निळे दिवे दोन गेलेत. बदलायचे राहिलेत. मोरीतला मात्र लखलखीत आहे.